स्टेशनची मागची बाजू

मास्तरीणबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला शिकवलं नाही. नवरा स्टेशनमास्तर, म्हणून त्या मास्तरीणबाई. लग्न होऊन पहिल्यांदा गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांची ट्रंक उचलता उचलता रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याने ही हाक मारली आणि ती जन्माची चिकटली. कॉलेजात मिळवलेली पदवी त्या ट्रंकेच्या तळाशी होती. मुख्य रेल्वेमार्गातून फुटलेल्या त्या फाट्याच्या लाइनीवर तिचा उपयोग काय, तर ट्रंकेत कागद अंथरायला लागतोच.

नोकरी त्यांना लागली ती फार उशिरा. फाट्याची लाइन बंद झाली, मास्तरांची बदली शहरातल्या कचेरीत झाली आणि बरोबरीच्या बायका गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगायला लागल्या त्या वयात मास्तरीणबाई कोपऱ्यावरच्या छापखान्यात प्रुफं तपासायला जाऊ लागल्या. अजूनही आठवड्यातल्या काही सकाळी त्या तिथे असतात. चूक दिसली की गप्प बसणं त्यांच्या रक्तात नाही. डॉक्टरांच्या पाटीवरची चूक त्यांनी, डॉक्टर नाडी बघत असताना, त्यांना सांगितली होती. डॉक्टर म्हणाले, "तुमचा रक्तदाब वाढलाय." "पाटी बदला, उतरेल," बाई म्हणाल्या.

तर अशा बाईंच्या घरात एके दिवशी मास्तर एक बातमी घेऊन आले. फाट्यावरचे रूळ कधीच उचलून नेले होते, पण तीन जुनी स्टेशनं अजून उभी होती आणि त्यातलं शेवटचं, रिकामं पडलेलं, रेल्वे खात्याला ते कोसळायच्या आत कुणाच्या तरी गळ्यात घालायचं होतं. जो तिथे राहील, इमारत सांभाळेल, त्याला ती जन्मभरासाठी मिळणार होती. पहिला मान जुन्या नोकरमाणसांचा. मास्तरांनी तिन्ही ठिकाणी नोकरी केलेली. निवृत्त झाल्यापासून हा माणूस खिडकीशी बसून रस्त्यावरच्या बसगाड्यांच्या वेळा चुकतात म्हणून चरफडत असे. त्या दिवशी तो जेवताना चक्क गुणगुणला.

"आपण परत जाऊ," मास्तर म्हणाले. "तिसऱ्या स्टेशनावर. काय दिवस होते गं ते."

"आपण म्हणजे कोण कोण?"

"आपण म्हणजे आपण." मास्तरांना प्रश्नच कळला नव्हता.

बाईंना मात्र तो चांगला कळत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्या, कोपऱ्यावरचा छापखाना, समोरचं वाचनालय आणि दार न वाजवता आत येणारी शेजारची निवृत्त नर्स, एवढं सगळं त्या 'आपण'मधून वजा होणार होतं. नाही म्हणायचं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. पण ठरवणं वेगळं आणि इतक्या वर्षांनी पुन्हा गुणगुणायला लागलेल्या माणसाच्या तोंडावर ते म्हणणं वेगळं. एक घास गिळून त्या म्हणाल्या, "आधी बघू. बघितल्यावर बोलेन."

लेकीला हे फारच आवडलं. ती तिसऱ्या स्टेशनावर जन्मली होती आणि तिला तिथलं काडीचंही आठवत नव्हतं, त्यामुळे तिचं त्या जागेवर अतोनात प्रेम होतं. रविवारी ती आपली गाडी घेऊन सकाळीच हजर झाली. डबा, पाण्याच्या बाटल्या, बाबांसाठी उशी. तिसऱ्या स्टेशनावर खात्याचा चावीवाला दुपारी भेटणार होता आणि त्याला त्याच दिवशी हो किंवा नाही सांगायचं होतं.

"आई, तू एवढी गप्प का?" शहराबाहेर पडल्यावर लेकीने विचारलं.

"पाट्या वाचतेय."

"हिला चुकाच सापडतात," मास्तर कौतुकाने म्हणाले. "नजर बघ. हिला मी सिग्नलवर ठेवायला हवं होतं."

"ठेवलं होतंत ना," बाई म्हणाल्या. "चुलीच्या."

लेक हसली. मास्तरही हसले. बाईंचा विनोद करायचा विचार नव्हता.

पहिल्या स्टेशनाचं सिमेंटचं गोदाम झालं होतं. फलाटावर पोती, वेटिंग रूमच्या दाराला साखळी आणि एका खुर्चीत पहारेकरी, डोक्यावर टोपीसारखं वर्तमानपत्र घेतलेला.

"मी इथे मास्तर होतो," मास्तरांनी सांगितलं.

"इथे शाळा होती होय?" पहारेकरी म्हणाला. "तरीच भिंती एवढ्या जाड."

मास्तर फलाटाच्या कडेला गेले. त्यांनी जिथे रूळ असायचे तिथल्या गवताकडे पाहिलं आणि पायानेच थोडं सिमेंट बाजूला सारलं. खाली जुनी फरशी होती तशीच होती. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

दुसरं स्टेशन गावात बुडून गेलं होतं. फलाटावर भाजी, मालाच्या खोलीत पिठाची गिरणी आणि तिकीट कचेरीत सलून. तिकिटाच्या खिडकीवरच सलूनवाल्याने आरसा टांगला होता. मास्तरांचं टेबल जिथे असायचं नेमकी तिथे त्याची खुर्ची. मास्तर तिच्यात बसले आणि उठायला तयार होईनात, म्हणून सलूनवाल्याने मानेवरचे केस कापायला घेतले.

"इथे बसून मी लाइन चालवली," मास्तर आरशातल्या सलूनवाल्याला म्हणाले.

"मीही चालवतोच आहे," तो म्हणाला. "बाहेर बघा, पाच जण थांबलेत. मान हलवू नका."

बाई तेवढ्यात इमारतीला वळसा घालून मागे गेल्या होत्या. लेक त्यांना शोधत आली तेव्हा त्या एका काळ्या पडलेल्या भिंतीसमोर उभ्या होत्या. पायाशी फुटके डबे आणि गिरणीचा कोंडा.

"इथे काय बघतेस?"

"घर."

आता हे घर म्हणजे काय ते सांगायला हवं. फाट्यावरची सगळी स्टेशनं एकाच नकाशावर बांधलेली होती. पुढे फलाट, फलाटाला लागून कचेरी, एका अंगाला वेटिंग रूम, दुसऱ्या अंगाला मालाची खोली. या सगळ्याच्या पाठीला पाठ लावून दोन घरं: एक मास्तरांचं, एक त्यांच्या सहायकाचं, ज्याला सगळे छोटे मास्तर म्हणत. दोन्ही घरं एका मापाची, फक्त आरशात बघावं तशी उलटसुलट. एकाची चूल डावीकडे, तर दुसऱ्याची उजवीकडे. घरांची दारं मागे उघडत, मागे हातभर अंगण आणि अंगणापुढे कोळशाच्या वखारीची भिंत. मास्तरांच्या घराला एक जास्तीचं दार होतं, आतून कचेरीत उघडणारं. घंटी वाजली की जेवता जेवता हात पुसत टेबलाशी जाता यावं, म्हणून. त्या दारातून फक्त मास्तरांनी जायचं. बायकामुलांनी कचेरीत पाऊल टाकायचं नाही आणि फलाटावर रेंगाळायचं नाही, असा नियम होता. नियम खात्याचा असला तरी तो पाळायला खात्यापेक्षा मास्तर जास्त कडक होते.

बाई सामान घेऊन फलाटावर उतरत आणि बदली झाली की सामान घेऊन फलाटावरून चढत. मधली वर्षं भिंतीमागे.

तिसऱ्या स्टेशनाला पोचले तेव्हा दुपार कलायला लागली होती. आणि हे मान्य करायला हवं की ते स्टेशन सुंदर होतं. गावापासून लांब, चढावर. इमारतीचा रंग उडाला होता, पण दगड न् दगड जागेवर. फलाटावर लोखंडी बाक, वर कौलांची पडवी आणि समोर, रूळ गेल्यामुळे, मैलच्या मैल मोकळा उतार, खाली नदीचा वाकडा पट्टा. लेक गाडीतून उतरली आणि म्हणाली, "आई गं."

बाईंनी उतरून नदीपर्यंत नजर टाकली. इतकी चांगली जागा असेल हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांना ते कधी माहीतच नव्हतं.

चावीवाला किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाकावर बसला होता. रविवारी कामाला जुंपलेल्या माणसाचा चेहरा. "मास्तर ना? या. कचेरी उघडतो. पण आतलं घर इथून दिसणार नाही. लाइन बंद झाली तेव्हा मधलं दार विटांनी बुजवलंय. मागून जावं लागेल."

मास्तर त्या बुजवलेल्या दारापुढे थोडा वेळ उभे राहिले. विटांवर हात फिरवला. मग म्हणाले, "हरकत नाही. चला, तुम्हाला आपलं घर दाखवतो." आणि लेकीचा हात धरून ते झपाझप मागे निघाले. त्यांची पाठ एकदम ताठ झाली होती. बाई पाठोपाठ.

मागे दोन दारं शेजारी शेजारी. दोन्ही सारखी, दोन्हींचा रंग सारखाच गेलेला. मास्तर पळभर थांबले आणि डावीकडच्या दाराशी गेले. चावीवाल्याने कुलूप काढलं.

"ये," मास्तर लेकीला म्हणाले. "ही तुझी जन्मखोली. इथे तुझा पाळणा. वरचा हुक बघ, अजून आहे. इथे तुझी आई पुस्तक घेऊन बसायची, इथे आमची चूल..." लेक मोबाइल वर धरून सगळं टिपत होती. तिचे डोळे भरून आले होते.

बाई उंबऱ्यातच थांबल्या. चूल उजव्या हाताला होती. ते छोट्या मास्तरांचं घर होतं.

कधी नव्हे ते त्यांना वाटलं, बोलू नये. नवरा कमरेत वाकून जमिनीवरच्या एका डागावरून बोटं फिरवत होता आणि हा तुझ्या दुधाचा पितळी तांब्या सांडला त्याचा, असं सांगत होता. तांब्या सांडला होता हे खरं. डागसुद्धा होता. पलीकडच्या खोलीत. त्यांनी ओठ मिटले, बाहेर अंगणात बघितलं, पुन्हा आत बघितलं. प्रुफात चूक दिसली आणि लेखक समोर बसून आनंदाने वाचत असला तर काय करायचं, याची त्यांना सवय नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे आपलं घर नाही."

मास्तरांनी वर बघितलं. "काय बोलतेस? इतकी वर्षं राहिलो इथे."

"मी राहिले. तुम्ही जेवायला येत होतात."

चावीवाल्याने उगाचच जुडग्यातल्या किल्ल्या चाळायला घेतल्या. लेकीने मोबाइल खाली केला.

"आपलं पलीकडचं," बाई म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता. "तुम्ही बाहेरून कधी आलाच नाहीत. कचेरीच्या दारातून यायचात आणि कचेरीच्या दारातून जायचात. मग दोन दारांतलं कुठलं हे कसं कळणार?"

"उगाच काहीतरी," मास्तर म्हणाले. पण पलीकडचं दार उघडल्यावर ते आत पहिलं पाऊल टाकून थबकले. बुजवलेल्या दाराच्या विटा इथे होत्या, त्यांच्यासमोर. आणि चूल डावीकडे. ते खोलीच्या मध्यावर आले. आपण इथे कुठे बसायचो हे ते शोधत असावेत. मग त्या विटांकडे पाठ करून, कचेरीच्या दारातून आत येणारा माणूस जसा उभा राहील तसे उभे राहिले, आणि तेव्हा कुठे त्यांना खोली ओळखता आली. त्या एका जागेवरूनच.

लेक बापाला वाचवायला म्हणाली, "सारखीच तर आहेत, बाबा. कुणाचाही गोंधळ होईल."

"हिचा नाही झाला," मास्तर म्हणाले.

ते अंगणात आले. वखारीची भिंत अजून काळीच होती, इतकी जवळ की हात लांब केला तर पोचावा. छातीच्या उंचीवर त्या भिंतीतली एक वीट नव्हती. पडलेली नव्हे, काढलेली. कडा साफ होत्या.

"ही कुणी काढली?"

"मी," बाई म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "खात्याच्या भिंतीची?"

"छिन्नी नव्हती म्हणून सांडशीने. चार-पाच दुपारी लागल्या."

"अगं, साहेबाची तपासणी आली असती म्हणजे? माझ्यावर शेरा आला असता."

"तपासणी पुढच्या बाजूने व्हायची. मागे कुणी येत नव्हतं."

मास्तरांनी वाकून त्या भोकाला डोळा लावला. बराच वेळ ते तसेच वाकलेले होते. गुडघे दुखत असणार, पण उठले नाहीत. पलीकडे, वखारीच्या उघड्या आवारापुढे, गावाकडे जाणारा रस्ता दिसत होता. रस्ता म्हणजे काय, त्याचं एक हाताएवढं वळण. एक बाई सायकल हातात धरून ढकलत नेताना दिसली, दिसेनाशी झाली. मग काहीच नाही. मग एक कुत्रं.

"एवढंच दिसायचं?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"बाजाराच्या दिवशी जास्त दिसायचं."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. इकडे गुदमरतं, संध्याकाळी जरा फलाटावर बसू का, विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नियम आहे. आणि मग घंटी वाजली."

मास्तरांना ते आठवतही नव्हतं आणि ही बाई खोटं बोलत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. ते सरळ झाले, रुमालाने कपाळावरची काजळी पुसली आणि पुढे चालायला लागले. लेकीने आईकडे रागाने बघितलं. "आई, आजच्या दिवस राहू द्यायचं होतंस."

"आजच ठरवायचंय," बाई म्हणाल्या. "उद्या सांगून काय उपयोग?"

फलाटावर मास्तर बाकाच्या एका टोकाला बसले. बाई आल्या आणि दुसऱ्या टोकाला बसल्या. लेक आणि चावीवाला पडवीच्या खांबाशी उभे राहिले, ऐकू येईल आणि ऐकत नाही असं दाखवता येईल एवढ्या अंतरावर.

समोर ऊन नदीपर्यंत उतरलं होतं. बाई ते बघत राहिल्या. या बाकावर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आपल्या चुलीमागच्या भिंतीपलीकडेच तुमचं ते घंटीचं यंत्र होतं. आधी एक ठोका पडायचा. मग जरा थांबून तीन. दिवस नाही, रात्र नाही. ते काय होतं?"

"तुला माहीत नाही?"

"कोण सांगणार?"

मास्तर जरा सावरून बसले. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. "एक ठोका म्हणजे लक्ष दे. तीन म्हणजे पलीकडच्या स्टेशनाचा मास्तर विचारतोय, गाडी पाठवू का."

"मग तुम्ही काय करायचात?"

"माझ्याकडची लाइन मोकळी असली तर हो. नसली तर नाही. मी हो म्हणेपर्यंत गाडी तिकडेच उभी."

"आणि त्याने न विचारताच पाठवून दिली तर?"

"न विचारता?" मास्तरांना हसू आलं. "असं कसं पाठवेल? पलीकडच्याला विचारल्याशिवाय चाक हलवायचं नाही. नोकरीचा पहिला धडा आहे तो. मी एवढ्या वर्षांत एक मालगाडीसुद्धा कधी..."

ते थांबले.

बाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीयेत हे मास्तरांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, आणि का बोलत नाहीयेत हे यायला आणखी थोडा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खांबाशी लेक चुळबुळली.

"इथे राहायला येशील का गं?" मास्तरांनी विचारलं. बघत मात्र होते ते नदीकडे.

कारणं बाईंनी सगळी तयार ठेवली होती. छापखाना, वाचनालय, गुडघे, लांबचा डॉक्टर, कधी न येणारी बस. गाडीत येताना त्यांनी ती मनातल्या मनात क्रमाने लावली होती. आता त्यातलं एकही लागलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.

"बरं."

"रागावलात?"

"रागावलो नाही. वाईट वाटलं."

"मलाही वाटतंय," बाई म्हणाल्या, आणि ते त्यांना स्वतःलाच नवीन होतं. "जागा छान आहे. तुम्ही खोटं सांगत नव्हतात."

चावीवाल्याला तेवढंच हवं होतं. तो पुढे आला. "मग मास्तर, कचेरीत काय कळवू? हो की नाही?"

"नाही," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी द्या. घरात माणसं असलेला बघा. आणि जो कोणी येईल त्याला म्हणावं, मागच्या भिंतीत खिडकी काढ."

"मागे? मागे काय आहे बघायला?"

"रस्ता आहे," मास्तर म्हणाले.

चावीवाला खांदे उडवून कुलपं लावायला गेला. लेक दोघांकडे एकदा बघून गाडीकडे गेली. तिला वाईट वाटलं होतं. तिचं जन्मस्थान हातातून गेलं होतं, आणि वरून ते भलत्याच खोलीत टिपलं गेलं होतं. काही वेळाने तिने भोंगा वाजवला. मास्तर सवयीने ताडकन उठले.

"बसा हो," बाई म्हणाल्या. "इतकी घाई कसली? सिग्नल कुठे होता तो दाखवा आधी."

मास्तर खाली बसले. टोकाला नव्हे, मधे. त्यांनी हात लांब केला. "तो बघ. त्या चढाच्या टोकाला, उभा काळा दिसतोय ना, तोच खांब."

बाईंनी डोळे बारीक केले. "ते झाड आहे."

"खांब आहे गं."

"फांद्या आहेत त्याला."

मास्तरांनी पुन्हा बघितलं. "मग त्याच्या जरा डावीकडे," ते म्हणाले, आणि बाई डावीकडे बघायला लागल्या.